जवळच कुठेतरी जाऊन येणे

पुण्याहून सकाळी गाडीने निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतायचे, अशा सहलीसाठी एका बाजूने पंचवीस ते पन्नास किलोमीटर अंतर योग्य मानले जाते. त्याहून कमी असेल तर ‘त्यात काय, रोजचंच’ म्हणून ठिकाण बाद होते. जास्त असेल तर मुक्कामाचा विषय निघतो, मुक्कामावरून खोल्यांचा, खोल्यांवरून घोरणाऱ्यांचा, आणि बेत तिथेच मोडतो. नियोजन बुधवारी सुरू होते. त्यासाठी व्हॉट्सअॅपवर ‘रविवार’ नावाचा गट निघतो, शुक्रवारी त्याचे नाव ‘रविवार नक्की’ होते आणि शनिवारी रात्री त्यातून एक जण बाहेर पडतो.

मोकळी हवा हा या सहलीचा जाहीर हेतू असतो आणि खाणे हा खरा. नियोजनाचा सगळा भर मात्र गर्दी टाळण्यावर असतो. गर्दी कशी चुकवावी हे जाणणारा एक तरी माणूस शहरातल्या प्रत्येक घरात आहे. लवकर निघावे, मुख्य रस्ता सोडावा, जेवणाची वेळ गाठू नये, असे त्याचे शास्त्र असते. सगळ्यांचे शास्त्र एकच असल्यामुळे हे सगळे जाणकार रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास धायरी फाट्यावर एकमेकांसमोर येतात. त्या वेळी प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते, ‘ही सगळी माणसं आजच कशी काय निघाली?’

दोष सगळा माणसांचा नाही, शहराच्या ठेवणीचाही आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे आणि दक्षिणेला-पश्चिमेला डोंगर त्याला इतके खेटून आहेत की बाहेर पडायचे तर कुठला तरी घाट, खिंड नाहीतर बोगदा ओलांडावा लागतो. पूर्वेला मात्र सपाटी आहे. सोलापूरचा आणि नगरचा रस्ता सरळ निघतो, ना चढ ना वळण, आणि म्हणूनच फिरायला म्हणून तिकडे सहसा कोणी जात नाही. थेऊरला चिंतामणी आहे, थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७७२ मध्ये तिथेच देह ठेवला. पुढे यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वरचे देऊळ आहे. त्याच्यावरचे कोरीवकाम बघण्यासाठी लोक परदेशातून आले तरी नवल वाटू नये. पण ही नावे सुचवणाऱ्याला ‘तिकडे ऊन फार’ एवढेच उत्तर मिळते, आणि ते डिसेंबरातही मिळते. उत्तरेला आळंदी आणि देहू. तिकडे जाणे सहलीत धरत नाहीत, कारण मग आजीला न्यावे लागते, आणि आजी बरोबर असली की भज्यांच्या आधी दर्शनाची रांग येते. त्यापलीकडे चाकण. ज्यांचे आठवड्याचे सहा दिवस चाकणच्या वाहतुकीत जातात, ते सातव्या दिवशी त्या दिशेला पाय करूनही झोपत नाहीत.

दक्षिणेचा पक्ष त्या मानाने बळकट असतो. दिवे घाट चढून सासवडला जाता येते. आषाढी वारीत माउलींची पालखी याच घाटाने वर जाते आणि चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो. निदान काचेच्या बाजूला बसलेल्याला दिसतो, मधे बसलेल्याला ‘दिसला का?’ एवढेच ऐकू येते. सासवड आचार्य अत्र्यांच्या नावाशी जोडलेले आहे, त्यांचा जन्म १८९८ मध्ये जवळच्या कोढीत गावी झाला. पुरंदरची अंजिरे आणि सीताफळे प्रसिद्ध आहेत. रस्त्याकडेला पाट्या मांडलेल्या दिसताच ‘येताना घेऊ’ असे ठरते. येताना अंधार पडलेला असतो, आणि अंधारात निवडलेल्या सीताफळांची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात होते. कात्रजच्या बाजूने गेले तर नसरापूरचे बनेश्वर आणि केतकावळ्याचा बालाजी. या दिशेला खेड शिवापूरचा टोलनाका आड येतो. तो हलवावा म्हणून वेळोवेळी आंदोलने झाली, त्यांच्या बातम्याही छापून आल्या. मात्र घरगुती बैठकांत त्या नाक्याने आजवर किती बेत हाणून पाडले, याची नोंद कुठेही नाही. भज्यांवर चारशे रुपये घालवणाऱ्या माणसालाही टोलचे पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात, आणि त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

पश्चिमेला मुळशी. भूगाव, पिरंगुट, पौड असे करत जावे, तलावाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे सरकावे, पाऊस पडत असावा, काचा अर्ध्या खाली कराव्यात, असे हे चित्र आहे. चित्रात चांदणी चौक नसतो. तिथला जुना पूल २०२२ मध्ये १ आणि २ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री स्फोटके लावून पाडायचा होता आणि निम्मे शहर जागे राहून टीव्हीवर ते बघत होते. धुरळा खाली बसला तेव्हा पुलाचा बराच सांगाडा जागच्या जागी होता. उरलेले काम पोकलेनने उरकले. १२ ऑगस्ट २०२३ रोजी नवे उड्डाणपूल खुले झाले. त्यांना इतके फाटे आहेत की आपला कोणता हे पाटी वाचून कळेपर्यंत तो मागे पडतो आणि मुळशीला निघालेली गाडी बावधनात उतरते. पुलांची रचना चुकीची आहे असे नव्हे. ती समजून घ्यायला एखादा रविवार लागतो, आणि बेत त्याच रविवारी मुळशीला जाण्याचा असतो. मुळशीचे धरण टाटांनी विजेसाठी बांधले आणि त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. ही हकिकत सांगण्याचे काम गाडीतल्या एका काकांकडे असते. ती बरोबर पौडपर्यंत पुरते.

लोणावळा पासष्ट किलोमीटरवर असल्याने मुळात हिशेबात बसत नाही, शिवाय त्याच वेळी तिथे मुंबईही आलेली असते. एवढी सगळी प्रदक्षिणा झाली की सिंहगड उरतो. तोच उरणार हे बुधवारीच सगळ्यांना माहीत असते, पण एकदम सिंहगड म्हणणे हे नियोजन न केल्यासारखे दिसते.

ठिकाणानंतर हंगामाचा विचार. उन्हाळ्यात या सहली होत नाहीत, हिवाळ्यात होतात पण त्यांचे कौतुक कोणी करत नाही. खरा हंगाम पावसाळा. जुलै लागला की वर्तमानपत्रांत धरणसाखळीचा तक्ता येऊ लागतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते, पैकी खडकवासल्याच्या वाट्याला जेमतेम दोन टीएमसी. लहान असल्यामुळे ते आधी भरते आणि मुठेत पाणी सोडणे सुरू होते. एरवी ज्यांचा द्रवपदार्थांशी संबंध दुधाच्या पिशवीपुरता असतो, ती माणसेही या दिवसांत क्युसेकमध्ये बोलतात. ‘सकाळी बारा हजार होता, आता वाढवलाय’ असे लिफ्टमध्ये ऐकू येते आणि ऐकणारा ‘वरसगाव किती टक्के?’ असे विचारून आपणही कच्चे नसल्याचे दाखवतो. भिडे पूल पाण्याखाली गेला की आकडेवारीला शिक्कामोर्तब होते. मग नदीकाठच्या रहिवाशांनी सुरक्षित ठिकाणी जावे, असे प्रशासन जाहीर करते, आणि उरलेले शहर पाणी बघायला नदीकाठी जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या पाण्याने खडकवासल्याचे धरणही फोडून पेठांमध्ये घरे नेली. ज्यांच्या घरात त्याच्या आठवणी आहेत, ती म्हातारी माणसे अशा वेळी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतात आणि घरीच बसतात.

वार रविवारच असतो. शनिवारी काहींना अर्धा दिवस कचेरी असते, आणि रजा काढून मंगळवारी जावे असे म्हणणारा माणूस योग्य बोलत असूनही त्याचे कोणी मनावर घेत नाही. निघण्याची वेळ सहा ठरते. सहा ही वेळ निघण्यासाठी नसून आठला निघता यावे म्हणून असते, हे सगळे जाणून असतात. अडचण अशी की प्रत्येक जण ते आपापल्यापुरते जाणून असतो. जे खरोखर सहाला तयार होतात ते बूट घालून दिवाणखान्यात बसतात आणि दर दहा मिनिटांनी गटावर प्रश्नचिन्ह टाकतात. ‘निघालोच’ असा निरोप येतो तेव्हा निरोप धाडणारा आंघोळीला निघालेला असतो. त्यानंतर चहा. चहा बाहेर घ्यायचे ठरलेले असते, तरी घरातून कोरड्या तोंडाने जाऊ नये म्हणून तो घरीही होतो.

गाडीच्या तयारीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हवा भरायची राहते. पीयूसी संपल्याचे ध्यानात येते, पण पीयूसीवाला रविवारी उशिरा उघडतो म्हणून ते पुन्हा ध्यानातून जाते. पेट्रोल वाटेत भरू असे ठरते आणि वाटेतल्या पंपावर हवा भरायच्या रांगेत पुढे दहा गाड्या असतात. आरशाला टांगलेला लिंबू वाळला आहे, हे एखाद्या मावशींच्या नजरेला पडले तर पाच मिनिटे अधिक धरावीत.

बसण्याची व्यवस्था हा मात्र नियोजनाचा गाभा आहे. गाडी पाच जणांची असते आणि माणसे साडेसहा. अर्धे माणूस म्हणजे इयत्ता दुसरीतले मूल. ते निघताना मांडीवर मावते आणि परतताना झोपून दोन माणसांची जागा घेते. पुढची जागा ज्याला गाडी लागते त्याची, असा सर्वमान्य संकेत आहे. संकेत सर्वमान्य असल्यामुळे गाडी लागणाऱ्यांची संख्या त्या सकाळी वाढते. एका आत्याला लहानपणापासून लागते, एका मामांना घाटात लागते, आणि एका भाच्याला फोनमध्ये बघितले की लागते पण तो फोनमधून डोके काढत नाही. शेवटी वयाच्या मानाने आत्या पुढे बसतात. त्यांना वाटेत काहीही होत नाही. पुढे बसल्यामुळे झाले नाही, असे त्यांचे म्हणणे असते आणि मुळात त्यांना लागतच नाही, असे मागच्यांचे. दोघांपैकी कोणाचे खरे, हे त्यांना एकदा मागे बसवल्याशिवाय कळणार नाही, आणि ती जोखीम घ्यायला मागचे तयार नसतात. उपाय म्हणून लिंबू, आवळासुपारी, आल्याची वडी आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या घेतलेल्या असतात. कात्रीने नीट कापलेली आल्याची वडी धायरीच्या आतच संपते, कारण ती चांगली लागते.

डबा न्यावा की नेऊ नये, यावर घरात दोन मते असतात आणि दोन्ही अमलात येतात. वर गेल्यावर पिठलं-भाकरी खायचीच असते, तरी ‘असू दे हाताशी’ म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, चिवडा आणि केळी अशी पिशवी डिकीत जाते. तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर छत्र्या, छत्र्यांवर पाण्याच्या बाटल्या. त्यामुळे प्रवासात भूक लागली तर पुऱ्या आणि पाऊस आला तर छत्री, दोन्ही मिळत नाहीत.

सिंहगड रस्ता दांडेकर पुलापासून सुरू झाला असे मानायला हरकत नाही. राजाराम पूल, आनंदनगर, वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, खडकवासला हा त्याचा क्रम. जुन्या माणसांच्या आठवणीत हा रस्ता शेतांमधून जात असे. आता तो सोसायट्यांमधून जातो, आणि ज्या गडाचे नाव त्याला दिले आहे तो दिसायला बरेच पुढे जावे लागते. राजाराम पुलाच्या चौकातला उड्डाणपूल ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाला, नंतर विठ्ठलवाडीपासून पुढचाही झाला. त्यांचा उपयोग निश्चित आहे. पूर्वी चार ठिकाणी थोडे थोडे अडकावे लागे, आता थेट धायरीच्या पुढच्या कोंडीत सामील होता येते.

या टप्प्यावर नकाशा आणि काका यांच्यात मतभेद होतो. नकाशातली बाई रस्ता लाल झाल्याचे सांगून उजवीकडे वळायला सुचवते. काका तिला ‘आम्ही इथे सायकलवरून यायचो’ असे उत्तर देतात. ते उत्तर तिच्यापर्यंत पोचत नाही, तरी ती काही क्षण गप्प होते आणि काका मागे वळून बघतात. काकांचा स्वतःचा जवळचा रस्ता असतोच. तो कर्वेनगर, वारजे, शिवणे असा जाऊन मुठेवरच्या पुलाने नांदेड गावात निघतो आणि तो फक्त त्यांना ठाऊक असतो. एकच खोट म्हणजे धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला की तो पूल पाण्याखाली जातो. म्हणजे धरण बघायला जावे इतके पाणी ज्या दिवशी असते, नेमका त्या दिवशी काकांचा रस्ता नसतो. हे काकांना पुलाच्या अलीकडे, पोलिसांनी लावलेल्या अडथळ्यापाशी कळते. तिथे ज्यांना फक्त आपल्यालाच रस्ता ठाऊक आहे असे वाटत होते, अशा आणखी तीस-चाळीस गाड्या मागे वळवायची खटपट करत असतात.

खडकवासल्याचे धरण इंग्रजी अमदानीत १८७० च्या दशकात पूर्ण झाले. त्याच्या शेजारी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ पासून ही संस्था पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास करते. नद्यांच्या, बंदरांच्या, धरणांच्या प्रतिकृती बांधून कुठे गाळ साचेल आणि कुठे तुंबेल, हे आधीच सांगते. तिच्या फाटकाबाहेरून जाणारा रविवारचा प्रवाह कोणत्या विभागाकडे येतो, हे मात्र ठरलेले दिसत नाही. पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथले सगळे वेळेवर चालत असावे असे समजून रस्त्यावरच्या गाड्यांतले बाप मुलांना हात करून ती दिशा दाखवतात.

धरणाच्या पुढे पाण्याकडेच्या पट्ट्याला चौपाटी म्हणतात. इथे थांबायचे नाही असे घरून ठरवून निघालेले असते. पण धरणाचे दरवाजे उघडलेले असले की पुढची गाडी पाणी बघायला सावकाश होते, तिच्यामागची फोटोसाठी थांबते, आणि तिच्यामागच्यांना थांबण्याची इच्छा नसली तरी संधी मिळते. तेवढ्यात कणसे येतात. शेगडीवर कणीस फिरवताना मावशी एका हाताने पंखा मारतात, ठिणग्या उडतात, दाणे काळे पडून फुटायला लागले की अर्ध्या लिंबाला तिखट-मीठ लावून ते कणसावर वरपासून खालपर्यंत दाबून घासतात आणि पुन्हा कणसाच्याच पानात गुंडाळून देतात. आत्या ‘कोवळं द्या हं’ म्हणतात. मावशी ढिगातले आहे तेच उचलून ‘कोवळंच आहे, ताई’ म्हणतात. नख लावून बघण्याची प्रथा आहे, पण नख लावलेले कणीस परत घेत नाहीत. उकडलेल्या शेंगा, भेळ आणि भजी यांचेही इथेच उरकते, त्यामुळे गडावर खाण्यासाठी निघालेली मंडळी पायथ्याला पोचायच्या आतच भरल्या पोटी असतात.

डोणजे फाट्यावर रस्ता विचारायची पद्धत आहे. रस्ता माहीत नसतो म्हणून नव्हे, पुढची बातमी मिळावी म्हणून.

‘दादा, सिंहगडला हाच ना?’ गाडी न थांबवता काच खाली करून विचारले जाते.

‘हाच. पण आज नका जाऊ.’

‘का हो?’

‘वर गाड्या सोडत नाहीत. जागा नाही.’

‘आम्ही काय, लगेच खाली येणार.’

दादा गायछाप मळत मान हलवतात. सकाळपासून त्यांना हेच उत्तर प्रत्येक गाडीने दिलेले असते.

गोळेवाडीच्या नाक्यावर वनखाते आणि स्थानिक समितीतर्फे वाहनामागे पैसे घेतात. त्याचे अधिकृत नाव उपद्रव शुल्क आहे, आणि ते भरताना कोणीही हरकत घेत नाही. वरचा वाहनतळ भरला की गाड्या इथेच रोखतात, पावसात दरड आली तर घाट बंदही करतात. मे २०२२ मध्ये यावर एक तोडगा निघाला होता. खासगी गाड्या खाली ठेवून लोकांनी पीएमपीच्या विजेच्या बसने वर जावे, अशी ती योजना. धुरापासून गडाची आणि कोंडीपासून घाटाची सुटका होणार होती. बस कमी पडल्या, रांगा वाढल्या, चढाने आणि वळणांनी आपापले म्हणणे मांडले आणि काही आठवड्यांतच योजना गुंडाळून खासगी गाड्या पुन्हा वर जाऊ लागल्या. कल्पना चांगली होती, यावर कोंडीत अडकलेल्या सर्वांचे एकमत असते.

आतकरवाडीहून पायी चढणारे वेगळे. ते पहाटे येतात, तासाभरात चढतात आणि वर ताक पिऊन उतरतात. गाडीतल्यांना खाली नाक्यावर ते भेटतात तेव्हा घामाने भिजलेले आणि विनाकारण प्रसन्न दिसतात. ‘आत्ता चाललात?’ एवढेच ते विचारतात. त्यात काही वावगे नसते, पण आत्यांना ते आवडत नाही.

घाटाचा रस्ता अरुंद आहे. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा नियम आहे. तो चढणाऱ्यांना पाठ असतो. हेच लोक तीन तासांनी उतरताना तो विसरतात. कोंडीत चढावर उभे राहायची वेळ आली की चालकाची खरी कसोटी लागते. हाफ क्लचवर धरलेली गाडी दोन बोटे मागे येते, मागचा भोंगा वाजवतो, पुढच्या सीटवरून आत्या ‘ब्रेक, ब्रेक!’ म्हणतात आणि स्वतःच्या पायाखालची चटई दाबतात. क्लचचा जळका वास सुटतो तेव्हा तो मागच्या गाडीचा आहे, असे चालक सांगतो. या वेळी मामा खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावतात. हे काम कोणी सांगावे लागत नाही, अशा प्रसंगाची ते घरून निघाल्यापासून वाट बघत असतात. रस्ता मोकळा झाला की गाडी पुढे जाते, मामा आणि दगड मागे राहतात, आणि पुढच्या वळणावर त्यांना घेण्यासाठी थांबले की पुन्हा तोच क्रम.

गडमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. वाहनतळापासून पुणे दरवाजा चालत गाठायचा असतो. वर तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीच्या लढाईचा कडा आहे, कल्याण दरवाजा आहे, देवटाक्याचे गार पाणी आहे, आणि लोकमान्य टिळकांचा बंगला आहे. हे सगळे बघायचे ठरलेले असते. पुणे दरवाज्याच्या आतच पहिली झोपडी लागते आणि ‘या दादा, बसा, गरम पिठलं-भाकरी’ अशी हाक येते. भूक कोणालाच नसते, पण एवढ्या लांब येऊन न खाता जायचे म्हणजे काय, असा युक्तिवाद होऊन सगळे बसतात. ताटात ज्वारीची भाकरी, तिच्यावर वाफाळणारे पिठले, बाजूला वांग्याचे भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा. मडक्यातले दही शेवटी येते. ठेच्याबद्दल ‘तिखट आहे का?’ असे विचारले जाते आणि ‘नाही हो’ असे उत्तर मिळते. दह्याची दुसरी मडकी अशी खपतात.

पावसाळ्यात माथ्यावर बहुधा ढगच असतात. काका पांढऱ्या ढगाकडे बोट करून ‘तो राजगड, तो तोरणा’ असे सांगतात आणि इतर माना डोलावतात. दोन्ही किल्ले बरोबर त्याच दिशेला आहेत, त्यामुळे माहितीत चूक काढता येत नाही. वाऱ्याने छत्री उलटी होते. फोटो पंधरा निघतात. त्यांपैकी चौदात कोणाचे तरी डोळे मिटलेले असतात आणि जो चांगला आला त्यात मामा नसतात. समाधीचे दर्शन होते, कड्यापर्यंत जाण्याचा बेत चिखलामुळे रद्द होतो आणि बंगला ‘पुढच्या वेळी’ राहतो.

परतीचे नियोजन वेगळे करत नाहीत. गर्दी व्हायच्या आत उतरू, असे सर्वांना चार वाजता सुचते. उतरताना दूध-बाजारहाटाच्या गोष्टी सुरू होतात, मूल आडवे झोपते, आत्यांना मागे बसावे लागते आणि त्यांना खरेच गाडी लागते, म्हणजे तो जुना वाद एकदाचा निकालात निघतो. पिशव्या सतरंजीखाली असतात. खडकवासल्याला पुन्हा पाणी बघणारे उभे असतात; आता त्यांच्याविषयी मत कडक झालेले असते. धायरीला दिवे लागतात. घरी पोचल्यावर डिकीतल्या पुऱ्यांचा शोध लागतो आणि रात्रीचे जेवण त्यांच्यावर भागते.

शेवटी हिशेब. पेट्रोलचे पैसे गाडीवाला सर्वांदेखत नको म्हणतो आणि टायर झिजल्याचा विषय काढतो. मग ते दिले जातात. पिठलं-भाकरीचे मामांनी दिलेले असतात आणि ते घेत नाहीत. उपद्रव शुल्क सुटे नव्हते म्हणून भाच्याने यूपीआयने भरलेले असते, ते सोमवारी वळते होते. बुधवारपर्यंत ‘रविवार नक्की’ या गटावर फक्त एकच विषय उरतो, कणसांचे एकशेचाळीस नक्की कोणी दिले हा. दोघांना आपण दिल्याचे आठवत असते, आणि मावशींनी ते दोघांकडूनही घेतलेले असतात.